हिरड्यांतून येणारे रक्त आणि आईची साखर: संबंध खरा किती आणि सांगोवांगीचा किती?

अबोली

माझी आई ६४ वर्षांची असून गेली ११ वर्षे तिला मधुमेह आहे. मागच्या महिन्यात तिची खालची एक दाढ हलू लागली म्हणून आम्ही दंतवैद्यांकडे गेलो. आई खुर्चीत बसल्यावर दाढेविषयी काही विचारण्याआधी त्यांनी तिचे शेवटचे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, किती आले होते, ते विचारले. ते ८.६ होते. मग काळ्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत हलकेच सरकवत ते एकेक आकडा सांगत गेले आणि त्यांच्या मदतनीस बाई तो लिहून घेत गेल्या: तीन, दोन, चार, सहा, सहा, पाच. सळई बाहेर आली की तिच्या मागोमाग हिरडीच्या कडेला रक्ताचा थेंब जमत होता. आई म्हणाली, "ब्रश करताना रक्त येतंच की, कित्येक वर्षं येतंय." ते ऐकून मला फार अपराधी वाटले, कारण त्याच बेसिनवर मी रोज दात घासते आणि तिच्या ब्रशच्या केसांना आलेला गुलाबी रंग मी अनेकदा पाहिलेला आहे.

दंतवैद्यांचे म्हणणे असे की हिरड्यांच्या खालची सफाई चार बैठकींत करावी लागेल आणि ती झाल्यावर साखरही थोडी खाली येण्याची शक्यता आहे. माझ्या भावाला हे पटलेले नाही. दाढ हलते आहे तर दाढेपुरते बोलावे, साखरेचा विषय कशाला काढावा, असे तो म्हणतो. आईचा मधुमेह पाहणाऱ्या डॉक्टरांनी इतक्या वर्षांत तिला एकदाही तोंड उघडायला सांगितलेले नाही, हेही खरे आहे. म्हणून जाणकारांना विचारते आहे. हा संबंध खरा आहे का, तो कोणत्या दिशेने चालतो, आणि तोंडाच्या दुखण्यांचा बाकीच्या शरीराशी आणखी कुठे संबंध येतो? सिद्ध झालेले आणि नुसते ऐकलेले वेगळे करून सांगितलेत तर मला आईला आणि भावालाही समजावता येईल.

दंतकथा

अबोलीताई, मी २६ वर्षे दंतवैद्यकी करतो आहे आणि आपल्या आईंचे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. निरोगी हिरडीतून ब्रश करताना रक्त येत नाही. ते येत असेल, तर तिथे दाह आहे, एवढी गोष्ट निश्चित समजावी.

दातावर साचणारा पांढरट, चिकट थर म्हणजे उरलेले अन्न असा समज आहे. प्रत्यक्षात ती जीवाणूंची दाट वसाहत असते. सूक्ष्मजीव भिंगातून पाहणारे डच संशोधक लेवेनहुक यांनी १६८३ साली हाच थर स्वतःच्या दातांवरून खरवडून भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे पत्राने कळवले. हा थर वेळच्या वेळी निघाला नाही की लाळेतील क्षार त्यात बसून त्याचे किटण होते, आणि किटण ब्रशने निघत नाही. १९६५ साली हिरड्यांचे संशोधक हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात साफ करणे पूर्ण थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा वरवरचा दाह असा पूर्ण बरा होतो.

काही जणांत मात्र तो दाह खाली उतरतो. हिरडी दातापासून सुटते, मधली फट खोल होत जाते आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. याला पूर्वी सर्रास पायोरिया म्हणत. आपण ऐकलेले आकडे त्या फटीची मिलिमीटरमधील खोली आहेत. तीनपर्यंत ठीक, चार म्हणजे लक्ष द्यावे, आणि सहा म्हणजे आधार बऱ्यापैकी गेलेला आहे. गेलेले हाड स्वतःहून परत येत नाही, पण उरलेले टिकवता येते.

आता साखरेविषयी. संबंध दोन्ही दिशांनी चालतो. साखर सतत जास्त राहिली की संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचे काम बिघडते, दाह गरजेपेक्षा अधिक आणि लांब चालतो, जखम भरायला उशीर होतो. उलट बाजूने, हिरड्यांतील दाहातून तयार होणारी रसायने रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. त्याच लोए यांनी १९९३ साली हिरड्यांच्या विकाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. या विकारात तोंडभर मिळून तळहाताएवढी जखम असते असे पूर्वी सांगितले जाई. २००१ मध्ये बारकाईने हिशोब केल्यावर ती साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर निघाली. एवढी जखम पायावर असती, तर मधुमेहाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी पट्टी सोडून पाहिली असती.

एचबीएवनसी आधी विचारण्यामागेही कारण आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या विकाराच्या जागतिक वर्गीकरणात ते ७ किंवा त्याहून जास्त असेल, तर रुग्णाला सर्वांत वेगाने बिघडणाऱ्या गटात धरतात. दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यालाही तिथेच धरतात.

वाटसरू

रक्त येत असताना ब्रश करणे चालू ठेवावे की हिरडीला विश्रांती द्यावी? मी नेहमी थांबतो.

दंतकथा

थांबू नये. मऊ केसांचा ब्रश घेऊन हिरडीच्या कडेशी तिरका धरावा, हात हलका ठेवावा आणि दोन दातांच्या मधली जागाही साफ करावी. दाह त्या थरामुळेच असल्याने थर निघत गेला की आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी झालेले दिसते. त्यानंतरही ते येत राहिले, तर किटण खाली गेलेले आहे असे समजून दाखवून घ्यावे. आपण रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर रक्त थोडे जास्त दिसेल, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी बंद करू नये.

आकडेमोड

माझे काम संख्याशास्त्राचे आहे आणि अबोली यांच्या भावाची शंका मला रास्त वाटते, म्हणून त्या बाजूने लिहितो. हिरड्यांचा विकार असलेल्यांना मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात जास्त आढळतात हे खरे आहे. परंतु वाढते वय, धूम्रपान, लठ्ठपणा, हलाखी आणि डॉक्टरांकडे न जाण्याची सवय ही कारणे हिरड्याही बिघडवतात आणि हृदयही बिघडवतात. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. खरी कसोटी ही की एक दुरुस्त केल्यावर दुसरी दुरुस्त होते का.

ती कसोटी घेतली गेली तेव्हा अनेकदा निराशा पदरी आली आहे. गरोदर स्त्रियांच्या हिरड्या बिघडलेल्या असतील, तर मूल अकाली जन्मण्याचे प्रमाण जास्त दिसते. त्यावर २००६ साली अमेरिकेत ८२३ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत गरोदरपणी हिरड्यांचे उपचार सुरक्षित ठरले, पण अकाली प्रसूतीचे प्रमाण बदलले नाही. हृदयाच्या बाबतीत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की संबंध दिसतो, मात्र हिरड्यांमुळे हृदयविकार होतो किंवा हिरड्यांच्या उपचाराने तो टळतो असे सिद्ध झालेले नाही. आणि साखरेचे म्हणाल, तर २०१३ मध्ये मधुमेहाच्या ५१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सफाईनंतर एचबीएवनसी तसूभरही सुधारले नाही. दात स्वच्छ ठेवू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. दाढ वाचवण्यासाठी सफाई करावी, पण साखरेचे आश्वासन देऊन ती करायला लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

दंतकथा

आकडेमोड, गरोदरपण आणि हृदय यांविषयी आपण लिहिलेले मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या व्यवसायातील काही मंडळी याबाबत पुराव्यापेक्षा पुढे जाऊन बोलतात याचे मला वाईट वाटते. हृदयाच्या संदर्भात एक वेगळी, ठोस गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. तोंडातील जीवाणू रक्तात जाऊन हृदयाच्या झडपांना संसर्ग करू शकतात, हे पक्के ठाऊक आहे. म्हणून कृत्रिम झडप असलेले, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेले आणि जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक रुग्ण यांना दात काढण्यासारख्या उपचारांआधी प्रतिजैविक देतात. पूर्वी ते पुष्कळ जणांना दिले जाई. २००७ सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हा घेर बराच लहान केला.

साखरेच्या बाबतीत मी असहमत आहे. २०१३ च्या त्या चाचणीवर तेव्हाच आक्षेप घेतले गेले, कारण उपचारानंतरही सहभागींच्या दातांवर थर आणि हिरड्यांतून रक्त मोठ्या प्रमाणात उरलेले होते. मुळात हिरड्याच पुरेशा बऱ्या झाल्या नाहीत, तर साखरेवर परिणाम दिसणार कसा? त्यानंतर कॉक्रन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४३ ने उतरल्याचे दिसले.

आकडेमोड

तो आढावा मी काल रात्री बसून वाचला आणि माझे मत बदलतो आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांपेक्षा यातील पुरावा निश्चितच बळकट आहे. मात्र ०.४३ ही सरासरी आहे. आईंचे ८.६ चे ८.१७ होईल असा तिचा अर्थ घेऊ नये. कोणाचे जास्त उतरेल, कोणाचे अजिबात उतरणार नाही. आणि या आधारावर कोणीही गोळी किंवा इन्सुलिन कमी करू नये.

क्षितिज

माझा अनुभव थोडा उलटा आहे आणि तो कोणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून लिहितो. मी १९ वर्षे सिगारेट ओढत होतो आणि माझ्या हिरड्यांतून कधीही रक्त आले नाही. हिरड्या फिकट, घट्ट दिसत, त्यामुळे दात उत्तम आहेत असेच मी समजत होतो. वयाच्या ४१ व्या वर्षी वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये अचानक फट दिसू लागली. एक्स-रे काढला तेव्हा कळले की पुढच्या चार दातांभोवतीचे निम्म्याहून अधिक हाड गेलेले आहे. धुरामुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त येण्याची खूण झाकली जाते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले.

सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि मी घाबरून गेलो. हिरड्यांना रक्तपुरवठा परत मिळत असल्याची ती खूण आहे, असे दंतवैद्यांनी समजावले नसते, तर कदाचित मी पुन्हा ओढायला लागलो असतो. त्या चारांपैकी एक दात गमावला, तीन टिकले आहेत.

सांजवात

अबोलीताई, माझे लिहिणे आपल्या प्रश्नापासून थोडे दूर जाईल, पण घरात वयस्कर माणूस असलेल्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

माझ्या सासूबाई पक्षाघातानंतर अडीच वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांना पुसून घेणे, कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ न देणे हे सर्व आम्ही शिकून घेतले होते, पण तोंडाचे कोणीच काही सांगितले नव्हते. जेवण भरवल्यावर घोटभर पाणी दिले की झाले, असे आम्ही धरून चाललो. पहिल्या सात महिन्यांत त्यांना दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी रुग्णालयातल्या एका परिचारिकेने टॉर्च लावून मला त्यांचे तोंड दाखवले. टाळूवर पिवळसर, वाळलेला थर होता आणि डाव्या गालाच्या आत, ज्या बाजूची संवेदना गेली होती तिथे, सकाळच्या घासाचा गोळा तसाच होता. मला रडू आले. गिळण्याची क्रिया नीट होत नसेल, तर झोपेत लाळ श्वासनलिकेत उतरते आणि तिच्यासोबत तोंडातले जीवाणूही फुप्फुसात जातात, असे तिने सांगितले.

त्यानंतर दिवसातून दोनदा त्यांना उशीला टेकवून बसते करायचे, मान थोडी पुढे घ्यायची, ओठांना आधी ओलावा द्यायचा, मग बोटाला ओला गॉज गुंडाळून गालाच्या आतून, टाळूवरून आणि जिभेवरून पुसून घ्यायचे आणि उरलेल्या नऊ दातांना लहान मुलांचा ब्रश लावायचा, असा क्रम मी ठेवला. सुरुवातीला त्या दात घट्ट मिटून घेत. पुढे त्या स्वतःच तोंड उघडून वाट पाहत. न्यूमोनिया पुन्हा झाला नाही. तो केवळ यामुळे टळला असे मी छातीठोक सांगू शकत नाही, परंतु जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या अभ्यासातही दात आणि तोंड नियमित साफ केलेल्या रहिवाशांना न्यूमोनिया कमी झाला होता, हे मी नंतर वाचले.

दंतकथा

सांजवात यांनी लिहिलेले मी छापून माझ्या दवाखान्यात लावू इच्छितो, त्यांची परवानगी असेल तर. त्याला एक जोड देतो: कवळी रात्री काढूनच झोपावे. घासून, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी. कवळी घालून झोपणाऱ्यांच्या टाळूवर बुरशी वाढते, आणि जपानमध्येच ८५ वर्षे व त्याहून मोठ्या ५२४ जणांवर झालेल्या अभ्यासात अशा लोकांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

सांजवात

जरूर लावा.

नीलमोहर

हिरड्यांविषयी इतके झाले, म्हणून मी कीड आणि लाळ यांविषयी लिहिते. मला आयुष्यात ५२ वर्षांपर्यंत एकही दात भरावा लागला नव्हता. त्यानंतर रक्तदाबाची एक आणि नैराश्याची एक अशा दोन गोळ्या सुरू झाल्या आणि दीड वर्षात माझ्या सहा दातांना हिरडीलगत कीड लागली. तोंड इतके कोरडे पडायचे की रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची. त्यावर उपाय म्हणून मी दिवसभर गोड गोळ्या चघळत होते, म्हणजे आगीत तेल ओतत होते.

दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिचे काम घास ओला करण्यापुरते नसते. गोड खाल्ल्यावर जीवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडातील पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातून खनिजे विरघळू लागतात. लाळ ते आम्ल निवळते आणि खनिजे परत देते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. लाळच नसेल, किंवा दर अर्ध्या तासाने पुन्हा काहीतरी गोड तोंडात जात असेल, तर दाताला सावरायला अवसर मिळत नाही. डॉक्टरांशी बोलून माझी एक गोळी बदलून घेतली, साखर नसलेले च्युइंगगम सुरू केले आणि दंतवैद्यांनी जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली. घासल्यावर पेस्ट थुंकावी पण भसाभसा चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते, ही साधी गोष्ट मला ५३ व्या वर्षी कळली.

पाऊलखुणा

नीलमोहर म्हणतात ते गोड किती यापेक्षा गोड किती वेळा, हे जगाला ज्या प्रयोगातून पक्के कळले त्याची किंमत फार मोठी होती. स्वीडनमधील वीपेहोल्म येथील मतिमंद व्यक्तींच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे चाललेल्या प्रयोगांत रहिवाशांना मुद्दाम गोड पदार्थ वेगवेगळ्या पद्धतीने देण्यात आले. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांची कीड फारशी वाढली नाही, मात्र दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या मिळालेल्यांचे दात भराभर किडले. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती. आज प्रत्येक दंतवैद्य हा सल्ला देतो, तेव्हा तो कोणाच्या दातांवर शिकलेला आहे याचे स्मरण ठेवले पाहिजे, असे मला वाटते.

शंखनाद

मी वेगळेच ऐकले आहे. रूट कॅनाल केलेला दात म्हणजे मेलेला दात, आणि तो तोंडात ठेवल्याने सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सर्व काही होते. अल्झायमरही हिरड्यांमुळे होतो हे तर सिद्ध झाले आहे. मग हलणारी दाढ वाचवण्याचा खटाटोप कशाला? सगळे दात काढून कवळी बसवली की शरीराची पीडा संपते.

आकडेमोड

शंखनाद, हा विचार नवा नाही. तो एकदा जगाने करून पाहिलेला आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथील भाषणात तोंडातील संसर्गावर अनेक आजारांचा ठपका ठेवला आणि पुढची दोन-तीन दशके सांधेदुखी, थकवा, मानसिक आजार अशा असंख्य तक्रारींसाठी चांगले दात उपटले गेले. रुग्ण दात गमावून बसले आणि आजार तसेच राहिले. पुढे नीट तुलना होऊ लागल्यावर ती प्रथा मागे पडली. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतला संसर्ग झालेला भागच काढून ती पोकळी साफ करून बंद करतात. त्याने कर्करोग होतो असे दाखवणारा विश्वसनीय पुरावा नाही.

अल्झायमरचे म्हणाल, तर २०१९ मध्ये हिरड्यांच्या विकारातील एका प्रमुख जीवाणूच्या खुणा अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि मोठी आशा निर्माण झाली. त्या जीवाणूच्या विकरांना (एन्झाइमना) रोखणारे औषध रुग्णांवर तपासले गेले. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा स्मृतीचा ऱ्हास रोखण्याचे मुख्य उद्दिष्ट साध्य झालेले नव्हते. संशोधन चालू आहे, पण "सिद्ध झाले" हा शब्द तिथे लागू होत नाही.

शंखनाद

१९१० ची हकीकत मला माहीत नव्हती. माझ्या आत्याने अशाच सल्ल्यावरून गेल्या वर्षी वरचे सगळे दात काढले आणि तिच्या सांध्यांना काही आराम पडलेला नाही. आता तिला काय सांगावे, हा प्रश्न आहे.

दंतकथा

आत्यांना दोष देऊ नका, त्यांनी विश्वासाने केले. कवळी नीट बसते का, चावता येते का आणि त्यामुळे आहारातून कडक, तंतुमय पदार्थ गळले आहेत का, तेवढे पाहा. दात गेलेल्या माणसांचे खाणे नकळत मऊ आणि निकस होत जाते. सांध्यांसाठी त्यांना सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि त्या हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे घेत असतील, तर पुढच्या कोणत्याही दंत-उपचाराआधी ते आवर्जून सांगायला लावा. त्यांपैकी काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून न भरणारी जखम होऊ शकते, हे २००३ पासून ठाऊक आहे. असे क्वचित होते, पण आधी सांगितले तर काळजी घेता येते.

याच ओघात मला सर्वांत कळकळीने सांगायचे ते लिहितो. तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुखत नसली तरी दाखवावी. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच माणसे थांबतात. तंबाखू, मद्य आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे आहेत. सुपारीत तंबाखू नसली तरी ती स्वतः कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. दुसरे असे की दाढेच्या दुखण्यासोबत जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. तो संसर्ग गळ्यात उतरून श्वास बंद करू शकतो.

मृगजळ

माझ्या बाबांच्या खालच्या जबड्यात जिना चढताना दुखायचे आणि वर जाऊन बसले की थांबायचे. आम्ही महिनाभर दाढेचे दुखणे समजत होतो. दंतवैद्यांना दातात काहीच सापडले नाही, आणि त्यांनी स्वतःच फोन करून आम्हाला त्याच दुपारी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. दुखणे हृदयाचे होते. बाबा आज व्यवस्थित आहेत.

अबोली

चार महिन्यांनी परत लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. भावाला हा धागा वाचायला दिला. आकडेमोड यांनी आधी त्याच्याच शंका मांडल्या आणि मग मत बदलले, हे वाचूनच तो राजी झाला.

आईची सफाई चार बैठकींत झाली. बधिर केल्यामुळे दुखले नाही, मात्र नंतर दोन-तीन आठवडे थंड पाणी झोंबत होते. सूज उतरल्यावर हिरड्या थोड्या खाली सरकल्या आणि दात लांब दिसू लागले, त्याचे तिला वाईट वाटले. आता ती रात्री दातांच्या मधल्या फटींत बारीक ब्रश फिरवते. पहिले दहा दिवस तो ब्रश रोज लाल व्हायचा. आता होत नाही. सहाच्या दोन जागा चारवर आल्या, हलणाऱ्या दाढेजवळची एक जागा अजून पाचवर आहे. एचबीएवनसी ८.६ वरून ७.९ झाले. मधल्या काळात डॉक्टरांनी तिची एक गोळी वाढवली होती, त्यामुळे यातले किती सफाईचे, ते मी सांगू शकत नाही.

मागच्या तपासणीला मी हिरड्यांच्या आकड्यांचा तक्ता सोबत नेला होता. मधुमेहाच्या डॉक्टरांनी तो सावकाश वाचला, आईच्या फायलीत लावला आणि टेबलावरचा टॉर्च उचलून तिला तोंड उघडायला सांगितले.

दंतकथा, ती दाढ राहील का, एवढेच आता विचारायचे आहे.

दंतकथा

पाच मिलिमीटर, रक्त नाही आणि हालचाल वाढत नसेल, तर मी तरी आज ती काढणार नाही. दाढेच्या दोन मुळांच्या मधली जागा उघडी पडली आहे का, ते पुढच्या वेळी त्यांना विचारा. पडली असेल, तर तिथे शिरणारा नेमक्या मापाचा ब्रश लागेल. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा आणि तोच तक्ता पुढे चालू ठेवायला सांगा.